नवागामच्या लेकींची पंगत

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. जमवायचेच असतील, तर एक खात्रीचा उपाय सांगतो. हातात पैसे बेताचे ठेवा आणि तीन-चारशे माणसांना सणाचं जेवायला बोलवा. मग बघा! डाळ शिजेपर्यंत दोन किस्से तयार होतात आणि पंगत उठेपर्यंत आणखी चार. आमच्या कमिटीची मीटिंग पाऊण तासाची असते. त्यातली दहा मिनिटं कामाची. उरलेली मागच्या वर्षी काय झालं होतं ते पुन्हा एकदा सांगण्यात जातात, आणि ते सगळ्यांना पाठ असूनही सगळे हसतात.

मी सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर आहे. मूळचा नगर जिल्ह्यातला. नवागामला राहायला आलो तेव्हा शेजारीपाजारी सगळे खानदेशी. कोणी कापड विणायच्या लूमवर, कोणी डाईंग मिलमध्ये, कोणी घरी बसून साडीला लेस लावणारं. मला अहिराणी समजायला दोन वर्षं गेली. बोलायला अजून जमत नाही. मी तोंड उघडलं की बायका पदर तोंडाला लावतात. तरी या लोकांनी मला आखाजी कमिटीचा सेक्रेटरी केलं. कारण एवढंच, की माझं अक्षर बरं आहे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. त्या दिवशी लग्न झालेली लेक माहेरी जाते. पण आपली आपण नाही. माहेरहून कोणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुतेक वेळा भाऊच असतो. तो येतो, पाणी पितो, सासूसमोर बसतो आणि विचारतो, "लेकीले धाडा." सासू हो म्हणाली की पिशवी भरायची. मुऱ्हाळी आला नाही, किंवा सासू नाही म्हणाली, तर आखाजी सासरी.

सुरतेत आलेल्या बायकांची आखाजी सासरीच व्हायला लागली. लूमच्या खात्यात सुट्टी नाही, गाडीला गर्दी, पोरांच्या परीक्षा. कोणाचा भाऊ गावी थकलेला, कोणाचा इथेच गोडादऱ्याला दोन खोल्यांत सहा माणसं घेऊन राहतोय. तेव्हा आमच्या गल्लीतल्या कमलाक्कांनी डोकं चालवलं. "माहेर इतलं दूर शे तं माहेरच आठे आनूत," म्हणाल्या. शाळेमागचं मैदान हेच माहेर. प्रत्येक लेकीला घरी जाऊन आणायचं, पंगतीत बसवायचं, आणि त्या दिवशी तिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. याला आता नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत, गेल्या आखाजीपर्यंत, एकच बाई त्या पंगतीला बसली नव्हती. कमलाक्का. दरवर्षी सगळे आग्रह करायचे, आणि दरवर्षी उत्तर एकच, "मले लेवाले कोन उनं?" मला न्यायला कोण आलंय? आमच्यापैकी कोणी पुढे झालं की त्याच्या पीठ लागलेल्या हातांकडे बोट दाखवायच्या. "मुऱ्हाळीना हातले पीठ लागेल ऱ्हास का?" आणि पुन्हा चुलीकडे वळायच्या. आम्ही सगळे त्यांच्या पंगतीत पोटभर जेवायचो आणि त्या मात्र शेवटी पातेल्यात उरलेलं वरण उभ्याने खायच्या. मला ते दरवर्षी लागायचं.

* * *

कमलाक्कांच्या सासूबाई म्हणजे जिजी. वय ऐंशीच्या आगेमागे, हातात मिश्रीची डबी. मैदानाच्या कडेला लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यावर देखरेख करतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही.

पहिल्या वर्षी मी मास्तरी सवयीने कमलाक्कांना विचारलं, की तुमचा भाऊ पहिल्यापासूनच येत नव्हता का? त्या वांगी चिरत होत्या. म्हणाल्या, येत होता की. लग्नानंतर लागोपाठ सात वर्षं आला, शिरपूरकडून, एसटीने. जिजी त्याला चहा द्यायच्या, पाऊसपाण्याचं विचारायच्या आणि म्हणायच्या, "पुढला वरीसले धाडसू." पुढच्या वर्षी पाठवीन. जिजींचंही खोटं नव्हतं. घरात लेसचं काम पडलेलं असायचं, आणि दोन हात कमी झाले की त्या आठवड्याचं रेशन अडायचं. सातव्या वर्षानंतर कमलाक्कांची आई गेली. आठव्या वर्षी भाऊ आला नाही.

हे सगळं कमलाक्का हसत हसत सांगत होत्या, आणि जिजी चार हातांवर बसलेल्या. मी जरा घाबरूनच त्यांच्याकडे पाहिलं.

जिजी म्हणाल्या, "गुरुजी, माले ऐकू कमी येस."

या जिजींना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोडलेला पापड ऐकू येतो!

* * *

लेकींनी कामाला हात लावायचा नाही, हा नियम करताना एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. मग पुरणपोळ्या करणार कोण? गल्लीतल्या नव्वद टक्के बायका कोणाच्या तरी लेकी. उरल्या कमलाक्का आणि दोन-तीन म्हाताऱ्या. म्हणजे पुरुष.

आमच्यातला संजय लूमवर आहे. तो म्हणाला, "मी आठ मशीन एकटा सांभाळतो. चार तवे काय अवघड आहेत?" आणि खरंच, चार चुली एका ओळीत लावून तो त्यांच्यामधून येरझाऱ्या घालायला लागला, खात्यात घालतात तशाच. पोळी उलट, पुढे जा, पोळी उलट, पुढे जा. आम्ही सगळे कौतुकाने बघत राहिलो.

अडचण अशी झाली, की लूमवर सुताची तार तुटली की मशीन थांबवून ती जोडायची, हे संजयच्या हाडात मुरलेलं. पोळी फाटली की दुसरा कोणीही ती बाजूला काढेल आणि पोरांना देईल. संजय थांबायचा. बोट ओलं करायचा, कणकेचा तुकडा लावायचा, अंगठ्याने दाबायचा आणि मगच पुढे जायचा. एकही पोळी त्याने वाया घालवली नाही. एकेका पोळीला सात-सात ठिगळं होती.

जिजींनी एक पोळी उचलून उन्हाकडे धरली. उलटसुलट पाहिली.

"ही पोळी नही रे भो," म्हणाल्या, "गोधडी शे."

तेव्हापासून आमचा मेनू ठरून गेला. पुरणपोळी प्रत्येक लेकीला एक, मानाची. पोट भरायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टी गोवऱ्यांवर भाजली की गॅसही वाचतो आणि फाटत तर नाहीच. संजय आता बट्ट्या भाजतो. आजपर्यंत एकही जोडावी लागलेली नाही.

* * *

माहेरहून लेक निघाली की तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. निदान एखादी साडी. इथे वांग्यांची जुळवाजुळव होताना नाकी नऊ येत होते, साड्या कुठून आणणार? शिवाय बसायला सतरंज्या नव्हत्या. मंडपवाल्याने सतरंज्यांचं भाडं सांगितलं तेव्हा मी "विचार करून सांगतो" म्हटलं आणि त्या गल्लीतून पुन्हा गेलो नाही.

दिलीप साड्यांच्या फोल्डिंगमध्ये आहे. त्याच्या शेठकडे न खपलेल्या एका डिझाईनचा ढीग पडून होता. वांग्याच्या रंगावर पिवळ्याधमक कोयऱ्या. बाजारात कोणी हात लावला नव्हता. शेठ म्हणाला, घेऊन जा, गोडाऊनमधली जागा तरी मोकळी होईल.

यावर जिजींनी एका वाक्यात दोन्ही प्रश्न सोडवले. "बठाले भी तेच, पाठवनीले भी तेच." प्रत्येक लेकीच्या जागेवर एक साडी घडी करून ठेवायची. त्यावर बसून जेवायचं आणि जाताना आपलं आसन काखेत मारून घरी न्यायचं. मी तीस वर्षं शाळेत आहे, पण इतकं सुटसुटीत नियोजन मला आजवर जमलेलं नाही.

कापड होतं जॉर्जेट. खाली ताडपत्री, आणि मैदानाला थोडा उतार. पहिली पंगत बसली आणि भात वाढेपर्यंत अख्खी ओळ एकेक वीत खाली सरकली. वाढपी पहिल्या पानाकडे वाकले की समोर दुसरीच बाई. शेवटची लेक तर जेवता जेवता मंडपाबाहेर उन्हात गेली. बिचारी तिथेच जेवत राहिली. तिला वाटलं, अशीच पद्धत असेल.

पण गंमत पुढच्या वर्षी झाली. शेठला आम्ही आभार मानायला म्हणून बोलावलं. तो गाडीतून उतरला आणि उभाच राहिला. समोर दीडशे बायका, सगळ्यांच्या अंगावर वांगी रंग आणि पिवळ्या कोयऱ्या. त्याने दिलीपला बाजूला घेतलं. "ये डिझाईन तो किसी ने उठाया नहीं था. किस पार्टी ने लिया?"

दिलीप म्हणाला, "सेठ, मायकेवाली पार्टी ने."

शेठ दोन बट्ट्या खाऊन गेला. आता दरवर्षी आखाजीच्या आधी त्याचा फोन येतो, आणि दिलीपला विचारतो, की तुमच्या पार्टीला कुठला रंग पाहिजे.

* * *

आमरसाशिवाय आखाजी नाही. पण आखाजीला आंबा नुकताच बाजारात आलेला असतो आणि त्याचा तोरा मोठा. आम्ही केसर थोडा घेतो, राजापुरी जास्त घेतो आणि बाकीचं दुधावर सोडतो.

रसाचं खातं भिकाअप्पांकडे. ते बमरोलीच्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर. आयुष्य गेलं कापडाला रंग जमवण्यात. पार्टीने पाठवलेल्या नमुन्याशी रंग तंतोतंत जुळला तर लॉट पास, नाही तर अख्खा माल परत. तिसऱ्या वर्षी रस तयार झाला. मोठं पिंप भरून, छान, घट्ट. अप्पांनी खिशातून पांढऱ्या कापडाची एक चिंधी काढली, रसात बुडवली, पिळली, उन्हात धरली. मग पाकिटातून दुसरी चिंधी काढली. ती मागच्या वर्षीच्या रसात बुडवून ठेवलेली! दोन्ही शेजारी शेजारी धरून अप्पा पाच मिनिटं बघत राहिले.

"नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "शेड हलकी आहे. लॉट फेल."

पंगत बसायला अर्धा तास. मी त्यांना समजावलं, अप्पा, ती चिंधी वर्षभर तुमच्या पाकिटात होती, ती काळपटणारच. अप्पा ऐकेनात. "गुरुजी, नमुना तो नमुना. मागच्या वर्षी लेकींनी पास केलेला आहे." संजयने सुचवलं, थोडी हळद घाला. अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बट्ट्यांकडे निघून गेला.

शेवटी कमलाक्का आल्या. एक वाटी भरली, अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अप्पा, पोट काय कलर देखीसन भरस का? प्या."

अप्पांनी वाटी संपवली. मिशा पुसल्या. दुसरी वाटी मागितली. तीही संपवली.

"लॉट पास," म्हणाले. "पण पार्टीला सांगून ठेवा, की शेडमध्ये थोडा फरक येईल."

* * *

वांगी आम्ही हसमुखकाकांकडून घेतो. पक्के सुरती, भाजीचे व्यापारी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घरून चार गुजराती वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, जेवण कोणासाठी? मी म्हटलं, लेकींसाठी, ज्यांना माहेरी जाता येत नाही त्यांच्यासाठी.

काकांनी तराजू खाली ठेवला. "दीकरीना जमणमां भाव न होय, मास्तर." लेकीच्या जेवणाचे पैसे घ्यायचे नसतात. आणि पोती टेम्पोत चढवायला स्वतः उठले. माझी पाठ केलेली वाक्यं सगळी भाव कमी करण्याची होती.

काकांनी एकच अट घातली, की वाढायला ते स्वतः येणार. आता ज्यांना सुरती माणूस माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्यांचं वाक्य शिवीने सुरू होतं आणि प्रेमाने संपतं, मधे कुठेतरी कामाचं असतं. स्वतःच्या सख्ख्या भावाची विचारपूससुद्धा ते तशीच करतात. समोर दीडशे लेकीबाळी! मी चाचरत जिजींना कल्पना दिली. जिजींनी काकांना खुर्चीसमोर उभं केलं. "तोंड बंद ठेवशी तं वाढजो."

काकांना भाषा कळली नाही, अर्थ बरोबर कळला. त्या दिवशी त्यांनी तीन पंगती वाढल्या, एक अक्षर न बोलता. वरण पाहिजे का, हे भुवया उंचावून विचारायचे. एकदा गरम वरण पायावर सांडलं. त्यांचा चेहरा लाल झाला, गाल फुगले, आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो. काका गपकन वळले आणि पाण्याच्या टाकीपर्यंत पळत गेले. तिथे काय बोलले ते टाकीलाच माहीत.

तिसरी पंगत उठल्यावर ते जिजींपुढे येऊन उभे राहिले. हात जोडले आणि अगदी हळू विचारलं, "हवे बोलाय?" आता बोललं तर चालेल?

* * *

लेकींनी कामाला हात लावायचा नाही म्हटलं तरी त्यांचे हात शिवशिवतातच. कोणी गुपचूप ताटं गोळा करते, कोणी परात घासायला घेते. म्हणून आम्ही दंड लावला. जी लेक काम करताना सापडेल तिने शिक्षा म्हणून आणखी एक बट्टी खायची, तुपासकट.

माझी बायको पहिल्यांदा सापडली. ती संगमनेरची, आखाजी तिच्या माहेरी कोणाला माहीतही नाही, पण इथे तिलाही मुऱ्हाळी येतो आणि ती सकाळपासून नटून बसते. तिने एक बट्टी खाल्ली. थोड्या वेळाने ती पुन्हा तांबे विसळताना दिसली. दुसरी बट्टी. मग पुन्हा बादली उचलताना.

तिसरी बट्टी संपवून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अहो, अजून काही घासायचं राहिलंय का?"

* * *

मुऱ्हाळींची यादी मी करतो. गल्ली, घर नंबर, लेकीचं नाव. दोन वर्षांपूर्वी संजयला एक घर दिलं होतं. तो एक गल्ली आधीच वळला. घर नंबर तोच. दारात एक तरुण बाई उभी होती. संजयला घाई. त्याने पाणीही मागितलं नाही, सवयीने हिंदीत म्हणाला, "चलो बहन, मायके ले जाने आया हूँ. खाना है, शाम को वापस छोड़ दूँगा." ती बाई एक क्षण बघत राहिली. मग आत गेली, केस नीट केले, मुलीला कडेवर घेतलं आणि रिक्षात बसली.

मैदानावर आल्यावर कळलं, की ती ओडिशाची. नवरा लूमवर. आखाजी म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. आमची खरी लेक तिकडे पलीकडच्या गल्लीत पिशवी भरून उंबऱ्यात बसलेली. संजय तिला आणायला धावला. मी या बाईंकडे गेलो, चूक झाली म्हणून माफी मागितली.

ती म्हणाली, "भैया, तीन साल से सूरत में हूँ. पहली बार कोई लेने आया."

कमलाक्कांनी मला बाजूला सारलं, तिला हाताला धरून पहिल्या ओळीत नेऊन बसवलं आणि तिच्या पोळीवर तूप जरा जास्तच सोडलं. आता यादीत तिचं नाव पहिलं असतं. आणि संजयलाच पाठवतो आम्ही. त्याला ती गल्ली आता चुकत नाही.

इतकी वर्षं लोक मला म्हणतात, गुरुजी, तुम्ही आमच्यासाठी केवढं करता. मी काय करतो? यादी लिहितो. घरापासून इतक्या लांब येऊन मला दीडशे बहिणी मिळाल्या, एक कलर मास्तर मिळाला, एक शिव्या गिळणारा काका मिळाला. मीच या लोकांचा ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला गेलो तर ते हसतात.

* * *

गेल्या आखाजीची गोष्ट. पहिली पंगत बसायची वेळ झाली आणि लिंबाखालची खुर्ची रिकामी. जिजी नाहीत. ऊन कडक, बाईंचं वय असं. कमलाक्कांच्या हातातला झारा थांबला. दिलीप शाळेत बघून आला, अप्पा टाकीकडे बघून आले. कुठे नाहीत. कमलाक्का चूल सोडून निघणार, तेवढ्यात मैदानाच्या फाटकात रिक्षा येऊन उभी राहिली.

आतून जिजी उतरल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत गोंदण, हातात कापडी पिशवी. घर मैदानापासून चार मिनिटांवर. पण मुऱ्हाळी पायी येत नसतो, म्हणून रिक्षा. त्या खुर्चीकडे वळल्याच नाहीत. बसलेल्या दीडशे लेकींच्या ओळींमधून, एकेक पाऊल टाकत, सरळ चुलीपर्यंत आल्या. संजयने बसायला पाट दिला. त्या बसल्या. पाणी मागितलं. सावकाश प्यायल्या. तांब्या खाली ठेवला.

"काय जिजी?" कमलाक्का म्हणाल्या. "कोठे गयथ्यात?"

"कोठे नही," जिजी म्हणाल्या. "तुले लेवाले उनू."

कमलाक्कांनी पदराने कपाळ पुसलं, मग डोळे पुसले, आणि मग त्या हसल्या. आमच्याकडे बघून नाही, जिजींकडेच बघून, आणि लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी जशा बोलल्या असतील तशा आवाजात म्हणाल्या, "आनि मनी सासूले? तिले इचारं का?"

जिजींनी मिश्रीची डबी कनवटीला खोचली आणि दुसऱ्या हाताने सुनेच्या हातातला झारा काढून घेतला.

"इचारं," त्या म्हणाल्या. "औंदा तुले धाडस म्हने."